ओळख दोन्हीकडून

पासवर्ड टाकताना रंजीता डाव्या हाताचा आडोसा करायची. खोलीत एकटी असली तरी. वाऱ्यात काडी पेटवताना करतात तसा.

वायर गुंडाळायची ती अंगठा आणि कोपर यांच्यामध्ये, दोर गुंडाळल्यासारखी.

सर्व्हरच्या खोलीत चपला काढून जायची. त्यात देवभाव नव्हता. "धूळ जाते वं त्याच्या नाकात," म्हणायची.

ठेचा आणायची गोळ्यांच्या रिकाम्या डबीत. डबीवरचं कॅल्शियमचं लेबल तसंच.

काम संपलं की "झालं" म्हणायची नाही. पुन्हा एकदा करून बघायची, आणि मग स्वतःशीच "हूं" म्हणायची.

माझं नाव राखी. ती मला "राखे" म्हणायची. रागावली की "राखीबाई".

ती जाऊन आठवडा झाला. मी मराठी घेऊन एम.ए. केलं आहे. गेलेल्या माणसावर कसं लिहितात ते आम्हाला शिकवलं होतं. त्यातलं काही आता सुचत नाही. म्हणून जे पाहिलं तेवढंच लिहिते.

वाशीमला आमच्या संस्थेचा छोटा दवाखाना आहे. मी तिथं नोंदणीच्या टेबलावर बसते. रंजीता चव्हाण कम्प्युटरचं सगळं बघायची. ती पोहरादेवीजवळच्या बंजारा तांड्यातली. आईवडील दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे आणि ही वसतिगृहात राहायची. शिकली, पुण्यात एका कंपनीत लागली, काही वर्षं राहिली आणि परत आली. काहून आली, असं कोणी विचारलं तर सांगायची, "तिथं सर्व्हर लई होते. वळखीचं कोणी नव्हतं."

दवाखान्याची तीन केंद्रं आहेत. किन्हीराजा, इंझोरी आणि पोहरादेवी. प्रत्येक ठिकाणी एक सेविका आणि एक कम्प्युटर. तपासण्यांचे रिपोर्ट वाशीमच्या सर्व्हरवर असतात. सेविका आपल्या गावातून तो उघडतात, बाईचं नाव शोधतात, रिपोर्ट बघून गोळ्या देतात. इतकं साधं. सगळ्यांचा पासवर्डही एकच होता.

मागच्या वर्षी पावसाळ्यात तांड्यातल्या अंजूला क्षयरोग निघाला. अंजू रंजीताच्या नात्यातली, नुकतं लग्न झालेली. नवऱ्याचं नाव धनराज. ऊसतोडीला नवराबायको जोडीनंच जातात. अंजूनं आजाराचं घरात कोणाला सांगितलं नव्हतं. धनराजलासुद्धा नाही. फक्त पोहरादेवीच्या केंद्रावर येऊन गोळ्या घेऊन जायची.

एक दिवस टोळीचा मुकादम धनराजला म्हणाला, "तुह्या बायकोची छाती खराब आहे म्हणते. यंदा दुसरी जोडी पाहतो मी."

धनराज घरी आला. पुढं काय झालं ते अंजूनं कधी सांगितलं नाही. तिनं केंद्रावर येणं बंद केलं. गोळ्या बंद. क्षयाच्या गोळ्या मध्येच सोडल्या की आजार पहिल्यापेक्षा चिवट होतो, हे आमच्या दवाखान्यात झाडलोट करणाऱ्यालाही माहीत आहे. अंजूपाठोपाठ तांड्यातल्या बाकीच्या बायकाही यायच्या थांबल्या.

बातमी फुटली कुठून, हे कोणाला कळलं नाही. आजही कळलेलं नाही. सेविकेच्या तोंडून, रांगेतल्या कोणाच्या कानावरून, की आणखी कुठून.

रंजीता पोहरादेवीला गेली. मी सोबत होते. केंद्राला इंटरनेट होतं ते शेजारच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातलं. मुन्नाचं दुकान. वायफायचा पासवर्ड त्यानं दुकानाच्या दारावर खडूनं लिहिला होता. रंजीतानं त्याच्याकडे एक चार्जर विकत घेतला, बाकड्यावर बसली आणि लॅपटॉप उघडून त्याच वायफायला जोडला. मला म्हणाली, "विजयमाला मावशीले फोन कर. म्हणावं, अंजूचा रिपोर्ट उघडा."

मी फोन केला. भिंतीपलीकडे सेविका विजयमाला मावशींनी रिपोर्ट उघडला. भिंतीअलीकडे रंजीताच्या पडद्यावर अक्षरं धावत गेली. तिनं बोट ठेवलं. अंजूचं नाव. नवऱ्याचं नाव. तांडा. आणि पुढं आजार. सगळं साध्या अक्षरांत, कोणीही वाचावं असं.

रंजीतानं झाकण मिटलं.

"इथूनच गेलं असंल?" मी विचारलं.

"मले नाई माहीत." मग म्हणाली, "तोंडाले कुलूप मले लावता येत नाई, राखे. तार माह्या हातात आहे."

त्यानंतरचे दोन महिने ती तारेच्या मागं होती. तिनं केलं ते मला जेवढं समजलं तेवढं असं. आधी सर्व्हर आणि केंद्र यांच्यात जे बोलणं चालतं ते कुलूपबंद केलं. वाटेत कोणी कान लावला तर त्याला नुसती खिचडी ऐकू यावी. पण तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही. एकच पासवर्ड तीन गावांत फिरत होता. तो कोणाच्याही हाती लागला असता. म्हणून तिनं प्रत्येक केंद्राला वेगळं ओळखपत्र द्यायचं ठरवलं. कागदाचं नाही, कम्प्युटरमध्ये राहणारं. त्याला जोडलेली एक गुप्त किल्ली. ओळखपत्रावर रंजीताची सही. कागदावरची नाही, हीसुद्धा कम्प्युटरमधली, तिच्याच किल्लीनं होणारी. ज्याच्याकडे सही केलेलं ओळखपत्र आणि त्याची किल्ली दोन्ही असतील त्यालाच सर्व्हर दार उघडणार. सर्व्हरनंही आधी आपलं ओळखपत्र दाखवायचं. नाहीतर सेविका भलत्याच सर्व्हरशी बोलत बसायच्या.

हे तिनं तांड्यात जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, कोणाला कळणार नाही. तांड्याचे प्रमुख म्हणजे नायक मोहनसिंग, त्यांच्या अंगणात बायका बसल्या होत्या. सगळ्यांत पुढं गोमतीबाई. हातात चोळीचं भरतकाम, नजर रंजीतावर.

रंजीता म्हणाली, "काकी, तांड्यात पाव्हणा आला तं पाणी द्यायच्या आधी काय इचारता?"

"तांडा कोणता, नायक कोण, गोत कोणतं."

"आन् तो तुमाले काय इचारते?"

"तोबी थेच इचारते. त्याले कसं समजन आमी कोण आहो?"

"मंग तेच या दोन कम्प्युटरले शिकवलं मी. हा त्याले इचारते, तो याले इचारते. दोघाइची वळख पटली तं बोलणं. नाई तं नाई."

"खोटं सांगतलं तं?"

"पाव्हण्यानं खोटं सांगतलं तं तुमी काय करता?"

"नायकाले इचारतो."

"तिथला नायक मी आहो. माही सही असंल तरच खरं."

बायका हसायला लागल्या. गोमतीबाईंनी सुई थांबवली. "माय वं! नवरा करत नाई आन् नायकी करते."

"नवऱ्याचीबी सही लागते काकी. ते काम लंबं आहे."

मोहनसिंग ओसरीवर बसून ऐकत होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "नायकाची सही लई जड असते बाई. एकदा केली की निभवा लागते."

"निभवीन," रंजीता म्हणाली.

अंजू आली नव्हती. तिच्या घराचं दार अर्धं उघडं होतं. रंजीता जाताना तिथं थांबली, आत गेली नाही. दाराशीच उभी राहून म्हणाली, "अंजू, दसऱ्यानंतर केंद्रावर तपासणी आहे. मी दार नीट बसवलं. तू ये." आम्ही निघालो तेव्हा ते दार पूर्ण उघडं होतं. एवढंच.

तपासणीचा दिवस आला. टोळ्या निघायच्या आधी ती होणं भाग होतं. एकदा ट्रक भरले की अंजू पाच-सहा महिने हाती लागणार नव्हती. धनराजनं दुसऱ्या मुकादमाकडे काम धरलं होतं.

त्या सकाळी मी पोहरादेवीच्या केंद्रावर नोंदणीला होते. रस्त्याकडेच्या वावरांत कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या रचलेल्या. बायका आल्या. गोमतीबाई आल्या. आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून अंजू येऊन बसली.

मी अजून वही उघडली नव्हती तोच रंजीताचा वाशीमहून फोन आला.

"राखे, पोहरादेवीचं ओळखपत्र रद्द करून राह्यली."

"आज?"

"आज. आत्ता."

झालं होतं ते असं. इंझोरीच्या सेविका चंपाबाई. त्यांचा कम्प्युटर सकाळी रुसला. त्यांनी रंजीताला फोन करून आनंदानं सांगितलं, "काळजी करू नको बाई. विजयमालाची किल्ली लावली. मस्त चालते."

विजयमाला मावशींनी आदल्या दिवशी आपली किल्लीची फाइल सेविकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. गुलाबाच्या फुलाच्या चित्राखाली. 'सुप्रभात. माझी किल्ली सर्वांनी ठेवून घ्यावी. अडीनडीला कामी येईल.'

मावशींच्या घराची किल्ली शेजारच्या घरी असते. शेजारच्या घराची मावशींकडे. त्यांच्या गल्लीत कोणाकडेही एकच किल्ली नसते. ज्याच्याकडे एकच, तो माणूसघाणा. मावशींना रंजीतानं किल्ली दिली, तेव्हा पहिला विचार हाच आला की ही चांगल्या शेजाऱ्यांकडे ठेवली पाहिजे.

त्या ग्रुपवर सेविका होत्या, त्यांचे नवरे होते, औषधवाला होता. कोणाच्या फोनमध्ये ती किल्ली गेली, ते सांगता येणार नव्हतं.

रंजीतानं ते ओळखपत्र रद्द केलं. मावशींचा पडदा लाल ओळ दाखवून थांबला. मावशी पुन्हापुन्हा बटण दाबत राहिल्या. मग खुर्चीत बसून रडायला लागल्या.

वाशीमहून सतीश सरांचा फोन आला. सर आमचे व्यवस्थापक. माणूस चांगला, घाईचा. रंजीताही त्याच फोनवर होती.

"रंजीता, सर्व्हरवर एक ओळ तं बदलायची आहे. आजच्या दिवस ओळखपत्राविना जाऊ दे. बायका बसून आहेत."

"नाई सर."

"अंजू आली आहे म्हणते राखी. ती उठून गेली तं?"

रंजीता म्हणाली, "म्हणूनच नाई सर. तिले मी सांगतलं का दार बसवलं. ती आली त्या दिवशीच दार काढून ठेवू?"

"मंग काय करतं?"

"येऊन राह्यली."

"कागदावर लिहून घेऊ का तोवर?" मी विचारलं. गोमतीबाईंच्या कानावर ते गेलं. त्या तिथूनच ओरडल्या, "कागद नको! कागद टेबलावर पडते, मंग कोणीबी वाचते!"

रंजीता स्कूटीवर निघाली. वाशीम ते पोहरादेवी म्हणजे जवळचा रस्ता नाही. आम्ही थांबलो. ऊन चढलं. दोघी-तिघी उठून गेल्या. अंजू भिंतीपाशी होती. तिनं एकदा चपलेत पाय घातला, मग काढला. मी तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.

रंजीता आली तेव्हा केस धुळीनं पांढुरके झाले होते. ती आधी मावशींकडे गेली. त्यांच्याशेजारी खाली बसली.

"रागवली असशीन," मावशी म्हणाल्या.

"नाई वो मावशी. तुमी शेजारधर्म केला. कम्प्युटरले शेजार नसते, हे मीच सांगतलं नाई."

मग तिनं खिशातून वाशीमला बनवलेल्या नव्या किल्लीचा पेनड्राइव्ह काढला, बघितला आणि परत खिशात टाकला. मला म्हणाली, "रस्त्यात सुचलं. किल्ली मी बनवून आणतो, हेच चुकते. किल्ली इथंच बनावी, इथंच राहावी. मले फक्त अर्ज पाठवावा. मी फक्त सही करावी." तिनं मावशींच्याच कम्प्युटरवर नवी किल्ली बनवली, अर्ज आपल्या लॅपटॉपवर घेतला, आडोसा करून स्वतःचा पासवर्ड टाकला, सही केली.

गोमतीबाई दारात येऊन उभ्या होत्या. भरतकामाची पिशवी काखेत.

"एक सांग वं. विजयमालाले बी नाई जाऊ देलं त्या कम्प्युटरनं?"

"नाई."

"तिची तं रोजची जागा आहे थे."

"तरी नाई."

"रडली तरी?"

"रडली तरी."

गोमतीबाई वळल्या. अंगणातल्या बायकांना त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मला ती बोली येत नाही. नंतर रंजीतानं सांगितलं. त्या म्हणाल्या होत्या, हे दार खरं आहे, घरच्या माणसालाही अडवतं.

अंजू उठली. पदर तसाच तोंडाशी. सगळ्यांच्या मधून चालत आत आली आणि मावशींसमोरच्या स्टुलावर बसली. रंजीता लगेच बाहेर निघून आली. रिपोर्ट उघडताना ती कधीच खोलीत थांबायची नाही. ओट्यावर बसून तिनं ठेच्याची डबी उघडली आणि भाकर मागितली. मी डब्यातली दिली.

"सर म्हणत होते ते करायले दोन मिनिटं लागले असते," ती म्हणाली. "ती उठून गेली असती तं मी काय तोंड दाखवलं असतं, राखे?"

त्या दिवशी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुढच्या महिन्यांच्या गोळ्या अंजू सोबत घेऊन गेली. धनराजनं त्या आपल्या कपड्यांच्या गाठोड्यात बांधल्या, हे मी पाहिलं. उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा तिची तपासणी स्वच्छ निघाली. रंजीतानं तो रिपोर्ट उघडला नाही. अंजूनं स्वतः येऊन सांगितलं तेव्हा तिला कळलं. ती फक्त "हूं" म्हणाली, आणि मग सर्व्हरच्या खोलीत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही.

केंद्राचं इंटरनेट मुन्नाच्या दुकानातूनच चालू राहिलं. सतीश सर म्हणाले, बदलून घे. रंजीता म्हणाली, "राहू द्या. काय दिसते ते पाहू द्या त्याले." मुन्ना एकदा मला म्हणाला, "ताई, मले तं आधीबी काई समजत नव्हतं त्यातलं." खरं असेल. रंजीतानं त्याच्यावर कधी बोट ठेवलं नाही.

ओळखपत्रांची मुदत तिनं वर्षाचीच ठेवली होती. लांबची मुदत ठेव, तुझाच त्रास वाचेल, असं मी म्हटलं होतं. ती म्हणाली, "वर्षातून एकदा पुन्हा इचारलं पाहिजे वं, तू तोच आहेस का."

यंदा दसऱ्याच्या आधी ती मुदत संपत आली. किन्हीराजाचं नवं ओळखपत्र झालं. पोहरादेवीचं झालं. इंझोरीचं राहिलं.

आता पद्धत अशी होती. केंद्रावरून अर्ज यायचा. तो खरोखर त्याच कम्प्युटरवरून आला आहे का, हे पटवायला रंजीता फोन करायची. सेविकेनं आपल्या पडद्यावरची एक लांबलचक ओळ वाचायची. इंग्रजी अक्षरं आणि आकडे, जोडीजोडीनं. रंजीतानं आपल्याकडच्या छापील कागदावर एकेका जोडीपुढं खूण करायची. सगळं जुळलं तर सही.

त्या सोमवारी मी तिच्या शेजारी बसले होते. फोन स्पीकरवर होता. चंपाबाई वाचत होत्या.

"सात, बी. बी म्हंजे बोराची बी."

"हो."

"डी, चार. डी डमरूची."

"चंपाबाई, शाळेत असताना इंग्रजीत किती मार्क होते?"

"कायले इचारतं! पास होतो ना मी! पुढं. शून्य, ई."

"हो."

ओळ अर्ध्यावर आली तेव्हा तिकडं गलका झाला. कोणीतरी तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन आलं होतं. चंपाबाई म्हणाल्या, "बाई, लेकरू आलं. उरलेलं उद्या वाचतो."

"उद्या वाचा. मी सही थांबवतो."

मी म्हटलं, "अर्धं जुळलं ना?"

"अर्धंच जुळलं," ती म्हणाली. तिनं कागद की-बोर्डखाली ठेवला आणि कपाळ चोळलं. सकाळपासून डोकं दुखत होतं तिचं. लवकर घरी गेली. रात्री मेंदूत रक्तस्राव झाला. अकोल्याला नेताना गेली. पस्तिशीचीसुद्धा नव्हती.

तिच्या आईवडिलांना घेऊन मोहनसिंग वाशीमला आले होते. ते सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी गेले, चपला काढल्या, आत डोकावले आणि परत आले.

सतीश सरांनी अकोल्याचा एक इंजिनियर शोधला आहे. तो पुढच्या आठवड्यात येईल. रंजीताच्या सहीचा पासवर्ड संस्थेच्या कपाटात बंद पाकिटात आहे. तिनंच ठेवला होता. सही कोणी करायची, हे संस्थेनं अजून ठरवलेलं नाही. इंझोरीचं जुनं ओळखपत्र शनिवारी संपतं. मग तिथं एकही रिपोर्ट उघडणार नाही. तिथल्या बायकाही दिवाळीनंतर निघतील.

आज चंपाबाईंचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"राखी, थे वाचायचं राह्यलं."

मी की-बोर्ड उचलला. कागद तिथंच होता. जोड्यांपुढं पेन्सिलच्या बारीक खुणा, एकाखाली एक. मग खुणा थांबतात. पुढच्या जोड्या नुसत्या आहेत.

"वाचू का?" चंपाबाई म्हणाल्या.

मी पेन्सिल घेतली. ऐकत राहिले. पण तिच्या खुणांखाली खूण मला करता आली नाही. मी त्यांना थांबा म्हटलं.

कागद माझ्यासमोर आहे. अर्ज तिच्या फोल्डरमध्ये आहे. इंझोरीचा. अर्धा जुळवलेला, सही न झालेला.